गोल फिरून रायलं

घरातलं नेट स्लो झालं की पहिला संशय पोरावर जातो. पोरगा त्या वेळी गाढ झोपलेला असला तरी फरक पडत नाही. “तुयाच मोबाइलनं खाल्लं असंन,” असा निकाल लागतो. दुसरा संशय कंपनीवर, तिसरा सरकारवर आणि आभाळ भरून आलं असेल तर चौथा ढगांवर. टीव्हीमागे बसून हिरवे दिवे मिचकावणाऱ्या त्या पांढऱ्या डबीकडे मात्र कुणी वाकड्या नजरेनं पाहत नाही. दिवे लागलेत म्हणजे ती कामावर आहे. पंखा चालू आणि खुर्चीच्या पाठीवर रुमाल असला की साहेब ऑफिसात आहेत असं आपण धरून चालतो, त्यातलाच हा प्रकार.

आमचं मालेगाव वाशीम जिल्ह्यातलं. अकोल्याहून पातूर, मेडशी करत वाशीमला जाणारी एस.टी. इथून जाते आणि नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ताही इथूनच. आता तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. त्यावर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. वेगाशी आमची ओळख तेवढीच, घरात आलं की पुन्हा ते गोल चक्र आणि पुन्हा तोच उद्गार: “गोल फिरून रायलं.”

या गावात राहून कस्टमर केअरला फोन लावणं म्हणजे भूगोलाची तोंडी परीक्षा. आमचे आबा ती आवडीनं देतात.

“सर, आपलं लोकेशन?”

“मालेगाव.”

“ओके सर, मालेगाव, नाशिक.”

“नाशिक नाई बाप्पा. वाशीम.”

“सर, सिस्टिमला मालेगाव नाशिकमध्ये दाखवतंय.”

सिस्टिमचं काय चुकलं? नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव यंत्रमागांचं, हौशी सिनेमावाल्यांचं, पेपरात रोज नाव येणारं. नांदेडकडचं माळेगाव खंडोबाच्या यात्रेचं. बारामतीजवळचं माळेगाव साखर कारखान्याचं. इंग्रजीतून पत्ता भरला की ल आणि ळ यांतला फरकही जातो आणि सगळी गावं एका खात्यात जमा होतात. त्यात आमचा जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा निघालेला. आबा आजही बोलता बोलता “जिल्हा अकोला” म्हणून जातात आणि मग स्वतःच स्वतःला दुरुस्त करतात. जवळची खूण विचारली तर ते शिरपूर जैनच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर सांगतात. ती मुलगी विचारते, “सर, हे नाशिकपासून किती लांब?” शेवटी मेसेज येतो की आमचा इंजिनीअर आपल्या पत्त्यावर निघाला आहे. तो निघालेला असतोच. फक्त अडीचशे किलोमीटरहून लांबच्या मालेगावात.

तोवर घरात उपचार सुरू झालेले असतात. आपल्याकडे कंबरदुखी आणि नेट या दोन दुखण्यांवर औषध सांगायला कुणालाही शिक्षण लागत नाही. आबांचा उपाय एकच: “एकडाव बंद करून चालू करून पाहा.” हसण्यावारी नेऊ नका, या उपायाला आधार आहे. महिनोन् महिने चालू राहिलेला राउटर तापतो, त्याची तुटपुंजी मेमरी भरते, कुठंतरी अडकून बसतो. बंद करून चालू केला की स्मरण पुसून ताजा होतो. पण आबा तो तासातासाला बंद करतात आणि त्याच वेळी वर पोराची ऑनलाइन टेस्ट चालू असते. पोरगा ओरडत खाली येतो, आबा सांगतात, “आता पाय, कसं पळते.”

दादाचं औषध महागडं: प्लॅन वाढवा. चाळीसचा शंभर केला तरी चक्र तितक्याच शांतपणे फिरतं. फक्त आता ते शंभरच्या भावानं फिरतं. पानटपरीवरचा सल्ला तिसराच. तिथं नेटचं खापर नेहमी उपग्रहावर फुटतं. आमच्या घराला नेट गल्लीतल्या खांबावरून आलेल्या फायबरच्या बारीक तारेतून येतं, त्याचा आणि उपग्रहाचा संबंध नाही, हे टपरीवर सांगून पाहावं. “मंग वर डिश कायले लावतेत?” या प्रश्नावर सभा संपते.

वेगाच्या हिशेबातही घराघरात वाद आहेत. चाळीसचा प्लॅन घेतला म्हणजे सेकंदाला चाळीस एमबीची फाइल उतरावी अशी आपली साधी अपेक्षा. पण कंपनी मोजते बिटमध्ये आणि फाइल असते बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून चाळीसला आठनं भागायचं: हातात सेकंदाला पाच. एक जीबीचा सिनेमा सगळं सुरळीत असलं तरी तीन मिनिटांच्या वर घेणार. ही फसवणूक नाही, जगभर हीच पद्धत आहे. तरी हा भागाकार ऐकल्यावर आबांचा चेहरा पडला. सोयाबीनच्या मापात कटती धरणारा व्यापारी त्यांनी आयुष्यभर पाहिला आहे. पण आठातले सात कापणारा पाहिला नव्हता.

आणि दरवेळी दोष वेगाचाच असतो असंही नाही. सातबाऱ्याचा उतारा म्हणजे किती मोठी फाइल? व्हॉट्सअ‍ॅपवरच्या शुभ सकाळच्या गुलाबापेक्षा फार मोठी नसावी. गुलाब येतो, उतारा येत नाही. कारण उताऱ्याचं दार एकच. पीक विम्याची ३१ जुलै जवळ आली किंवा ई-पीक पाहणीचे दिवस आले की अख्खा महाराष्ट्र एकाच दारात उभा असतो. तिथं तुमच्या घरी शंभरचा प्लॅन असो की हजारचा, नंबर लागेल तेव्हा लागेल. म्हणून निदानाचा पहिला धडा हा: एकच साइट रुसली असेल तर घरच्या डबीला शिव्या देऊ नयेत. सगळ्याच रुसल्या तर पुढं वाचा.

खरं म्हणजे आपली तक्रार करण्याची पातळी फार वर गेली आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा घरगुती जोडणीचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट होता. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ किलोबिट मिळाले की त्याला ब्रॉडबँड म्हणायचं ठरलं. २०१३ मध्ये ती अट ५१२ झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट. म्हणजे ज्या दिवशी आमच्या घरात “नेट मेलं” असा टाहो फुटतो, त्या दिवशीसुद्धा कायद्यानं आमच्याकडे ब्रॉडबँड असतं. हे मी घरात एकदा बोलून दाखवलं. त्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “कायद्यानं नळालाबी पाणी येते.” पुढं बोलण्यासारखं काही उरलं नाही.

शेवटी नेटवाला पोट्टा आला. प्रत्येक गावात असा एक असतो. मोटरसायकलच्या डिक्कीत क्रिम्पिंगचा पाना, गळ्यात लॅपटॉपची बॅग, खांद्यावर निळ्या तारेचं भेंडोळं आणि पाच घरचे फोन एकाच वेळी कानाशी. त्यानं कुणाची कैफियत ऐकली नाही. टीव्हीमागे हात घातला, राउटरला तार जोडली, तिचं दुसरं टोक लॅपटॉपला लावलं आणि स्पीड टेस्ट चालवली. काटा सरळ शंभरवर जाऊन उभा राहिला.

“लाइन तं ओके हाय.”

मग त्यानं तार काढली, लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात गेला आणि तिथल्या ओट्यावर ठेवून पुन्हा काटा पळवला. काटा चारवर थबकला, दोनवर आला. नंतर त्यानं एक काळी खिडकी उघडून त्यात पिंग आणि १९२.१६८.१.१ असं टाइप केलं. हा आमच्याच राउटरचा पत्ता. म्हणजे आता प्रश्न मुंबईला किंवा अमेरिकेला नव्हता. ओट्यावरून बैठकीतल्या डबीला हाक मारायची आणि ओ किती वेळात येते ते पाहायचं. उत्तरं ओळीनं येऊ लागली: ३ मिलिसेकंद, ४, मग एकदम ८९०, मग “रिक्वेस्ट टाइम्ड आउट”. स्वतःच्याच घरात, पंधरा-वीस पावलांवर, हाक पोचत नव्हती. आबा पडद्याकडे बघून म्हणाले, “हे तं आपल्या घरचंच दुखणं निंगालं.”

निंगालं खरं. आणि बहुतेक घरांत तेच निघतं. नेट कंपनी आणून देते ते दारापर्यंत. दारापासून पलंगापर्यंतचा प्रवास हा घराचा अंतर्गत मामला आहे, आणि घरातल्या बाकीच्या अंतर्गत मामल्यांइतकाच तो गुंतागुंतीचा आहे. राउटर कुठं ठेवावा याला विज्ञान आहे: घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळा. पण तो कुठं ठेवला जातो याला घराण्याचा इतिहास आहे. तार खिडकीच्या फटीतून आत आली, म्हणून खिडकीजवळ. बोर्डात रिकामा प्लग टीव्हीमागे होता, म्हणून टीव्हीमागे. टीव्ही आबांचा, म्हणून बैठकीत. शोकेसच्या वरच्या फळीवर आईची पितळी समई आणि मुलाची ढाल, म्हणून खालच्या फळीवर. त्यात धूळ बसते म्हणून आईनं त्यावर क्रोशाचा रुमाल घातलेला. दसऱ्याला मिक्सर, मोटरसायकल आणि विळ्याबरोबर राउटरचीही पूजा झाली होती. हवा बाहेर पडण्याच्या त्याच्या जाळीत हळद-कुंकू वर्षभर टिकून होतं. पोट्ट्यानं रुमाल उचलला तेव्हा डबी हाताला चटका लागेल इतकी तापलेली. “काकू, याले थंडी नाई वाजत,” तो म्हणाला. आईनं रुमाल घडी करून ठेवला, पण चेहऱ्यावरून पटलेलं दिसलं नाही.

मग त्यानं लहरींच्या वाटेतली मंडळी दाखवायला सुरुवात केली. बैठकीला लागून लग्नात आलेलं लोखंडी कपाट, त्याला पूर्ण उंचीचा आरसा. लोखंड लहरींना परत पाठवतं, आरशाच्या मागचा मुलामाही तेच करतो. कपाटापलीकडे जुन्या घराची दीड हात जाडीची भिंत. भिंतीपलीकडे बोळीत निळे ड्रम. उन्हाळ्यात नळाचा भरवसा नसल्यामुळे ते घरातले कायम सदस्य आहेत. पाणी या लहरी पिऊन टाकतं. म्हणजे कपाटानं परत पाठवलं नाही तर भिंत खाणार, भिंतीतून निसटलं तर ड्रम पिणार, आणि उरलंसुरलं ते ओट्यावर रेसिपीचा व्हिडिओ दाखवणार. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्यात अशाच अदृश्य लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवली होती आणि बारूद उडवली होती. वाटेत लेफ्टनंट गव्हर्नर साहेबांचा देह होता, लहरी त्यातूनही गेल्या असं सांगतात. पण त्या काळच्या लेफ्टनंट गव्हर्नरांच्या आत पाण्याचे निळे ड्रम नव्हते.

गर्दीचा भाग वेगळाच. पोट्ट्यानं मोबाइलवर आसपासच्या वायफायची यादी उघडली तेव्हा आमची गल्ली नव्यानं कळली. जय गजानन. शेतकरी राजा. साई कृपा २. पासवर्ड मागू नये. त्याच्याखाली, बहुधा उत्तरादाखल, कोन मांगते. ही सगळी मंडळी २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच अरुंद पट्ट्यात बोलत असतात. आपल्या देशात त्या पट्ट्यात तेरा चॅनेल, पण एकमेकांच्या अंगावर न येणारी तीनच: एक, सहा आणि अकरा. दुसरा बोलत असेल तर थांबायचं, तो गप्प झाला की आपण बोलायचं, हा वायफायचा नियम. गल्ली रात्री नऊला एकदम मालिका बघायला बसली की सभ्यपणे थांबण्यातच सगळ्यांचा वेळ जातो. त्यात आबांचा जुना फोन. तो लांबच्या खोलीतून सावकाश बोलतो आणि जेवढा वेळ बोलतो तेवढा वेळ घरातल्या नव्या फोनांना तोंड उघडता येत नाही. हे तांत्रिक सत्य आहे. आबांसमोर मात्र ते कुणी उच्चारलं नाही.

एवढी गर्दी का, तर केंद्र सरकारनं २००५ साली घराघरातल्या या वापरासाठी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा केला. परवाना नको, अर्ज नको, आधारची झेरॉक्स नको. असं काही मिळालं की झुंबड उडणारच. त्याच्या वरचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ मध्ये आणखी ऐसपैस मोकळा झाला. तिथं जागा भरपूर, वेग जास्त. पण या लहरींचा जीव नाजूक, एका जाड भिंतीत दम टाकतात. नव्या राउटरवर दोन्ही येतात आणि दुसऱ्याच्या नावापुढं ५जी लिहिलेलं असतं. ते वाचून आमच्या गल्लीतल्या एकानं मोबाइलचं ५जी आपल्या घरात आल्याचं चार जणांना सांगितलं. डबीजवळ बसायचं असेल तर ५, भिंतीआड बसायचं असेल तर २.४, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी तक्रार मिटते.

तारेचं दुखणं निदान तारेबरोबर सापडतं, बिनतारी दुखण्याचं तसं नाही. आमचे साडू गावाबाहेर शेतात राहतात, तिथं फायबर गेलेलं नाही. त्यांच्या गच्चीवर नेटवाल्यानं छोटी डिश लावली आणि गावातल्या टॉवरच्या दिशेनं तोंड करून दिली. ऐन उन्हाळ्यात घेतलेली जोडणी. टॉवर लख्ख दिसत होता, नेट पळत होतं, साडूंनी आम्हाला फोन करून करून वेग ऐकवला. पोळ्याच्या सुमारास फोन बंद झाले. तक्रारी गेल्या, डबी बदलली, तार बदलली. शेवटी एकानं डिशच्या नजरेनं टॉवरकडे बघितलं तेव्हा टॉवर दिसेना. मधल्या धुऱ्यावर सागाची ओळ. उन्हाळ्यात साग उघडाबोडका असतो. पावसाळ्यात त्याला सुपाएवढी पानं येतात आणि ती दिवसभर ओली असतात. डिश हातभर उंच पाइपावर चढवल्यावर नेट परत आलं. मग एका दुपारी वानरांची टोळी त्या पाइपाला लोंबकळली आणि डिशचं तोंड थेट मेडशीकडे वळलं. कस्टमर केअरच्या “अडचणीचा प्रकार” या यादीत वानर हा पर्याय नाही. साडूंनी “इतर” निवडलं.

आमच्याकडचा उपाय स्वस्तातला होता: डबी उचलून मध्यावर आणायची. उचलण्याआधी पोट्ट्यानं फोन हातात धरून अख्ख्या घराची प्रदक्षिणा केली. ओट्यावर एक दांडी. पोराच्या खोलीत दोन. देवघराजवळ दीड, कधी शून्य. फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि दांड्या एकदम भरल्या. शेजारच्या काकांच्या ओसरीत तर फोन नुसता उधळला. साहजिकच आहे, राउटर खिडकीजवळ, खिडकी त्यांच्या ओसरीसमोर, मध्ये ना कपाट ना ड्रम. इतके दिवस आम्ही पैसे भरून त्यांच्या ओसरीला उत्तम सेवा देत होतो. तिथल्या लाकडी दिवाणावर संध्याकाळी पोरं ओळीनं का बसतात याचाही उलगडा झाला. त्यांच्या मुलीचा प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता म्हणून आईनं मागं केव्हातरी पासवर्ड दिला होता. फॉर्म भरला गेला, प्रवेश झाला, पासवर्ड राहिला.

मध्य म्हणजे कुठला, यावर घरात बैठक झाली. नकाशाप्रमाणे मध्य देवघराच्या भिंतीवर येत होता. आईनं एका शब्दात तो ठराव फेटाळला. दादाला तो आपल्या खोलीच्या दाराशी हवा होता. त्याच्या मते घराचं तेच केंद्र. आबांचं म्हणणं, टीव्हीजवळून हलवला तर टीव्हीला वाईट वाटंन. अखेर बोळीच्या तोंडाशी, ड्रमांच्या डोक्यावरून नजर जाईल इतक्या उंचीवर, कॅलेंडरच्या खिळ्याशेजारी फळी ठोकली. कपाट एका बाजूला राहिलं. चॅनेल सहावरून अकरावर नेलं. ओट्यावर काटा तीसच्या वर गेला.

वेग आल्यावर खरा वाद सुरू झाला: कशानं आला? आबांच्या मते त्यांनी सकाळी बंद करून चालू केलं होतं त्याचा हा परिणाम, जरा उशिरा दिसला एवढंच. दादा म्हणाला, प्लॅन वाढवला होता तो आता लागू पडला. आईनं कुणाला न सांगता गजानन महाराजांना नारळ बोलला होता. तिनं वाद न घालता शेगावची तारीख काढायला घेतली. पोराचं म्हणणं, त्यानं एक गेम काढून टाकला म्हणून. नेटवाल्या पोट्ट्याला श्रेयाच्या यादीत जागाच मिळाली नाही. तो चहा पिऊन, पुढच्या घरचा फोन कानाला लावून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारचे काका फाटकाशी आले. चेहरा ओढलेला.

“आबा, तुमच्या कंपनीले कम्प्लेंट करा बरं. कालपासून आमच्या ओसरीत नेट येऊनच नाई रायलं.”

आबांना अशी संधी सोडवत नाही. चष्मा वर करून, जाणत्याच्या सुरात ते म्हणाले, “एकडाव बंद करून चालू करून पाहा ना.”

“काय बंद करू आबा? डबी तं तुमच्या घरी हाय!”